प्रोग्रामरचा पगार आणि न संपणारी शाळा

खानदेशात लग्नाची बोलणी बसली, की चहा निवण्याच्या आत एक प्रश्न येतोच. पूर्वी विचारीत, शेती किती, विहिरीला पाणी किती. आता विचारतात, ‘पोऱ्याले पगार कितला शे?’ मुलगा किंवा मुलगी पुण्यात ‘सॉफ्टवेअर’मध्ये आहे एवढे कळले, की पुढचा सारा हिशोब त्या एका आकड्यावर चालतो. या प्रश्नात गैर काही नाही. संसार पगारावरच चालतो. पण त्याच्या जोडीला दुसरा एक प्रश्न आहे, तो मात्र कोणी विचारीत नाही. हा पगार ज्या विद्येवर मिळतो, ती विद्या किती वर्षे टिकणार? आणि ती शिळी झाली, म्हणजे नवी शिकण्याचा खर्च कोणी सोसायचा? आज आम्हांला या दुसऱ्या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

हा विषय पुण्या-बंगळुरूचा, जळगाव-धुळ्याला त्याचे काय, असे कोणी म्हणू नये. १९८३ च्या सुमारास बांभोरी, फैजपूर आणि धुळे येथे अभियांत्रिकी महाविद्यालये निघाली. पुढे जळगावचे शासकीय महाविद्यालय आले, शिरपूरचे आले. या चाळीस वर्षांत रावेर-यावलच्या केळीवर, चोपडा-पारोळ्याच्या कापसावर आणि साक्री-शिंदखेड्याच्या कोरडवाहू जमिनीवर वाढलेली हजारो मुलेमुली संगणकाच्या धंद्यात गेली. कोणी त्यासाठी वावर विकले, कोणी बँकेचे कर्ज काढले, कोणी आईचे दागिने गहाण टाकले. संध्याकाळी पुण्याकडे निघणाऱ्या ट्रॅव्हल्सच्या गाड्यांत आपलीच मुले बसलेली असतात. तेव्हा त्या धंद्यात पगार कसा ठरतो आणि विद्या कशी शिळी होते, हे गावातील माणसाने समजून घेणे आवश्यक आहे.

पगार कसा ठरतो?

प्रथम हा प्रोग्रामर करतो काय, ते थोडक्यात पाहू. संगणक हे यंत्र अतिशय आज्ञाधारक, पण तितकेच मंदबुद्धीचे. त्याला प्रत्येक गोष्ट पायरीपायरीने सांगावी लागते. खात्यात शिल्लक आहे का पाहा. नसेल तर नाही म्हण. असेल तर रक्कम वजा कर. वजा केल्याची नोंद ठेव. मध्येच वीज गेली तर अर्धवट राहिलेले काम पूर्ववत कर. अशा आज्ञांची बिनचूक मालिका लिहिणे म्हणजे प्रोग्राम लिहिणे. ज्या सांकेतिक बोलीत त्या लिहितात, तिला संगणकाची भाषा म्हणतात.

भारतातील मोठ्या संगणक-कंपन्यांचा धंदा मुख्यतः सेवेचा आहे. अमेरिकेतील किंवा युरोपातील एखादी बँक, विमा कंपनी वा दुकानांची साखळी त्यांना काम देते आणि बहुधा माणशी तासावर पैसे मोजते. भारतात बसून केलेल्या कामाचा दर ढोबळ मानाने तासाला वीस ते तीस डॉलर धरतात. पंचवीस डॉलर धरू. महिन्याचे १६० तास म्हणजे चार हजार डॉलर झाले. डॉलरचे पंच्याऐंशी रुपये धरले, तर ही रक्कम तीन लाख चाळीस हजार रुपये होते. आणि नुकत्याच पदवी घेतलेल्या ज्या मुलाच्या नावावर हे बिल निघते, त्याच्या हाती महिन्याला बावीस ते पंचवीस हजार रुपये पडतात.

हे ऐकून कोणी एकदम ‘लूट’ म्हणेल. पण हिशोब इतका सोपा नाही. त्या रकमेतून कचेरीचे भाडे, वीज, यंत्रे, परदेशात काम मिळवून आणणाऱ्यांचा खर्च, चुका निस्तरणाऱ्या अनुभवी माणसांचे पगार आणि कर, हे सारे जाते. शिवाय काही माणसे नेहमीच दोन कामांच्या मधल्या रिकाम्या काळात असतात. या धंद्यात त्याला ‘बेंचवर बसणे’ म्हणतात. बेंचवरच्या माणसाचे बिल निघत नाही, पगार मात्र द्यावा लागतो. म्हणून कंपन्या या बेंचचा फार धसका घेतात. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस या कंपनीने जून २०२५ मध्ये असा दंडक घातला, की वर्षातील २२५ दिवस प्रत्येकाने बिलाच्या कामावर असले पाहिजे आणि बेंचवरचा काळ ३५ दिवसांपलीकडे जाऊ नये.

दुसरी गोष्ट या धंद्याच्या रचनेची. ही रचना देवळाच्या शिखरासारखी, खाली रुंद आणि वर निमुळती असते. तळाशी पुष्कळ नवखे, मध्ये थोडे अनुभवी, वर अगदी मोजके. तळाचा पगार कमी राहिला तरच वरचा डोलारा परवडतो. त्यामुळे नवख्याचा पगार त्याच्या हुशारीपेक्षा दुसऱ्याच एका गोष्टीवर ठरतो. ती गोष्ट म्हणजे, त्याच्या जागेसाठी दारात किती जण उभे आहेत. २०२४–२५ साली देशातील अभियांत्रिकी पदवीच्या जागा पंधरा लाखांच्या घरात होत्या. या साऱ्या उद्योगात काम करणारी माणसे २०२४ साली चौपन्न लाखांच्या आसपास. हे दोन आकडे शेजारी ठेवले, म्हणजे दारातल्या गर्दीची कल्पना येते.

येथे आईबापांसाठी एक खुलासा करणे जरूर आहे. ‘पॅकेज साडेतीन लाख’ याचा अर्थ बारांनी भागून महिन्याला एकोणतीस हजार हाती येतील, असा नव्हे. पॅकेज म्हणजे त्या माणसावर कंपनीचा वर्षाचा एकूण खर्च. त्यात भविष्यनिर्वाह निधीचा कंपनीचा वाटा, ग्रॅच्युइटी, विम्याचा हप्ता, आणि काम चांगले झाले तर मिळणारी बदलती रक्कम, असे सर्व धरलेले असते. म्हणून बैठकीत आकडा ऐकल्यावर ‘हातात किती?’ असे विचारण्यात संकोच मानू नये.

थांबलेला काटा

आता एक लहानसा हिशोब मांडतो. २०१२ च्या सुमारास मोठ्या सेवा-कंपन्या नवख्याला वर्षाला सव्वातीन लाखांच्या आसपास देत. त्यानंतर बारा वर्षे लोटली, तरी सर्वसाधारण नवख्याचा आकडा साडेतीन लाखांच्या आगेमागेच घोटाळत राहिला. या बारा वर्षांत महागाई कोठे गेली? २०१२ साली किंमती १०० धरणारा सरकारी ग्राहक किंमत निर्देशांक २०२४ अखेर १९५ च्या आसपास होता. म्हणजे जी वस्तू शंभराला मिळे, तिला जवळजवळ दोनशे मोजावे लागू लागले. २०१२ च्या सव्वातीन लाखांची खरेदीशक्ती टिकवायची, तर २०२४ अखेर सव्वासहा लाखांहून अधिक पगार हवा होता. तो साडेतीन लाखच राहिला. याचा अर्थ सरळ आहे. वडीलभावाने २०१२ साली जो पगार घेतला, त्याच्या जवळजवळ निम्म्या किमतीवर धाकटा भाऊ कामाला लागला. आणि धाकट्याला येणाऱ्या गोष्टींची यादी मात्र थोरल्याच्या दुप्पट होती.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. चार-पाच वर्षे अनुभव घेऊन ज्यांनी चांगले काम केले, त्यांचे पगार या धंद्यात इतर धंद्यांपेक्षा झपाट्याने वाढतात. स्वतःची वस्तू बनवून विकणाऱ्या कंपन्यांत तर प्रारंभीचा पगारही कित्येक पटींनी जास्त असतो. पण तेथील जागा थोड्या. २०२१–२२ साली, महामारीनंतर, जगभर संगणकाची कामे एकदम वाढली, तेव्हा मोठ्या कंपन्यांतून वर्षाला शेकडा वीस ते अठ्ठावीस माणसे नोकरी सोडून दुसरीकडे गेली आणि जाताना मोठी पगारवाढ पदरात पाडून गेली.

पण तेजी ओसरली, की काय होते हेही लगेच दिसले. फेब्रुवारी २०२३ मध्ये विप्रो कंपनीने, ज्यांना साडेसहा लाखांच्या नोकरीचे पत्र देऊन रुजू होण्याची वाट पाहावयास लावले होते अशा नवपदवीधरांना विचारले, की साडेतीन लाखांवर याल काय? पुष्कळांना हो म्हणण्यावाचून गत्यंतर नव्हते. जगाची मागणी घटली होती, कंपनीलाही आपला ताळेबंद पाहावयाचा होता, हे खरे. पण नवख्याच्या पगारामागे कोणाचे बळ उभे नसते, हे त्या एका पत्राने दाखविले. विप्रोचे नाव येथे घेण्यास आणखी एक कारण आहे. ते पुढे सांगू.

विद्या शिळी का होते?

या धंद्याचे दुसरे वैशिष्ट्य असे, की येथे शिकणे कधी संपत नाही. डॉक्टरलाही नवी औषधे कळावी लागतात, वकिलालाही नवे कायदे वाचावे लागतात. पण माणसाच्या शरीरातील हृदयाची जागा बदलत नाही. संगणकाच्या धंद्यात कधीकधी अवजारेच्या अवजारेच बदलतात. ‘फ्लॅश’ नावाच्या साधनावर हलती चित्रे व खेळ बनविणारे कारागीर एके काळी भाव खाऊन होते. ३१ डिसेंबर २०२० रोजी ते साधन बंद झाले. ‘अँग्युलर-जेएस’ नावाचा सांगाडा २०१० साली आला. २०१६ साली त्याच्याच नावाने जी नवी आवृत्ती निघाली ती मुळापासून वेगळी होती, आणि जुन्याचा आधार २०२१ अखेर काढून घेण्यात आला. ज्यांनी रात्री जागून तो सांगाडा आत्मसात केला, त्यांना दहा-अकरा वर्षांत पुन्हा पाटी पुसावी लागली.

तथापि सर्वच गोष्टी अशा विरून जात नाहीत. कोबोल ही भाषा १९५९–६० साली जन्मली आणि आजही जगातील पुष्कळ बँकांचे हिशोब तिच्यावर चालतात. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात, सन दोन हजार उजाडताच यंत्रांचे तारखांचे हिशोब चुकतील अशी भीती पसरली, तेव्हा हेच जुने कोबोल दुरुस्त करण्याचे काम भारतात आले आणि आपल्या कंपन्यांचे परदेशात नाव झाले. सी ही भाषा १९७२ ची, माहितीच्या कोठारांना प्रश्न विचारण्याची एसक्यूएल ही भाषा १९७४ ची. दोन्ही अजून कामात आहेत. पायथॉन आज नवी म्हणून शिकवितात, पण तीही १९९१ पासूनची आहे.

यावरून असे दिसते, की या विद्येचे दोन थर आहेत. खालचा थर पायाचा: माहितीची रचना कशी करावी, काम कमी पायऱ्यांत कसे बसवावे, दोन यंत्रे एकमेकांशी कशी बोलतात, चूक कशी शोधावी. हा थर पन्नास वर्षांत फारसा बदललेला नाही. वरचा थर अवजारांचा. तो दर पाच-सात वर्षांनी बदलतो. आणि गंमत अशी, की बाजार भाव देतो तो बहुधा वरच्या थराला. जाहिरातीत लिहिलेले असते, ‘अमुक अवजाराचा तीन वर्षांचा अनुभव हवा.’ पायाचे नाव क्वचितच असते.

कापूस पिकविणाऱ्या खानदेशाला ही गोष्ट फोड करून सांगावयास नको. गेल्या वर्षी कापसाला भाव होता म्हणून यंदा सर्वांनी कापूस लावायचा, आणि पीक घरात येईपर्यंत भाव उतरलेला असायचा, हा अनुभव आपल्या हाडीमासी भिनलेला आहे. नव्या तंत्रज्ञानाचेही तसेच आहे. प्रथम ते थोड्यांना येते म्हणून त्याला तुटवड्याचा भाव मिळतो. तो भाव पाहून सारे त्याच्या क्लासला धावतात. वर्षा-दोन वर्षांत तुटवडा संपतो आणि भावही संपतो. शिकलेले वाया जात नाही, पण ज्या पगाराच्या आशेने शिकले तो मात्र हाती लागत नाही.

अमेरिकेत या गोष्टीचा शास्त्रशुद्ध अभ्यास झाला आहे. डेव्हिड डेमिंग आणि कदीम नोरे या अर्थशास्त्रज्ञांनी २०२० साली दाखवून दिले, की संगणक व अभियांत्रिकीच्या पदवीधरांना इतर पदवीधरांपेक्षा प्रारंभी पुष्कळ जास्त वेतन मिळते, पण ही आघाडी पहिल्या दहा वर्षांत साधारण निम्म्यावर येते. कारण त्यांच्या धंद्यातील कौशल्ये झपाट्याने जुनी होतात. वय वाढेल तसे त्यांतले पुष्कळ जण वेगाने बदलणारी कामे सोडून इतर कामांकडे वळतात. म्हणजे जी गोष्ट पुण्यातील चाळिशीच्या प्रोग्रामरला स्वतःचा कमीपणा वाटते, ती त्या धंद्याच्या घडणीतच आहे.

त्यात आता कृत्रिम बुद्धिमत्तेची भर पडली. ३० नोव्हेंबर २०२२ रोजी ‘चॅटजीपीटी’ लोकांसमोर आले आणि सांगितल्याबरोबर लहानसहान प्रोग्राम लिहून देणारे यंत्र घरोघर पोचले. नवखा मुलगा पहिल्या दोन वर्षांत जे सोपे काम करीत शिकत असे, तेच काम हे यंत्र करू लागले आहे. जुलै २०२५ मध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने सुमारे बारा हजार माणसे, म्हणजे आपल्या नोकरवर्गाच्या शेकडा दोन, कमी करण्याचे जाहीर केले. त्यांत मधल्या व वरच्या फळीतील लोक विशेष होते. कारण देताना कंपनीच्या प्रमुखांनी या यंत्रांकडे बोट दाखविले नाही. या माणसांची कौशल्ये आजच्या कामाशी जुळत नाहीत, असे सांगितले गेले. येथे आपला दुसरा प्रश्न उभा राहतो. कौशल्ये जुळत नव्हती, तर ती जुळविण्याची जबाबदारी कोणाची होती?

शिकण्याचे तास कोणाच्या खात्यावर?

‘सतत शिकत राहा’ हा उपदेश प्रत्येक सभेत ऐकू येतो. उपदेश चांगला आहे. पण शिकण्यास वेळ लागतो, आणि वेळ फुकट मिळत नाही. एखाद्या प्रोग्रामरने कामावरून आल्यावर रोज एक तास अभ्यास केला आणि वर्षाचे तीनशे दिवस तो नेम पाळला, तर तीनशे तास झाले. आठ तासांचा दिवस धरला, तर हे साडेसदतीस दिवसांचे काम. आठवड्याचे पाच दिवस कामाचे धरले, तर साडेसात आठवडे. याचा अर्थ तो माणूस दरवर्षी जवळजवळ दोन महिने बिनपगारी काम करतो, आणि त्याचा लाभ त्याच्याइतकाच त्याच्या मालकालाही होतो. क्लासची फी वेगळी. आणि ज्या घरी लहान मूल आहे, ज्या सुनेला कचेरीतून आल्यावर पोळ्या लाटावयाच्या आहेत, तिने हा तास कोठून आणायचा? नवे शिकली नाही म्हणून मागे पडली, असे तिच्याविषयी म्हणणे फार सोपे आहे.

आपल्याच जिल्ह्यातील दोन जुन्या धंद्यांशी याची तुलना करून पाहू. अमळनेरची प्रताप मिल किंवा जळगावची खानदेश मिल चालू होती, त्या काळी विणकर एकदा माग शिकला, की तीच विद्या बहुधा जन्मभर पुरे. ती विद्या शिकण्याचे स्थळ म्हणजे मागच होता. जुन्या कामगाराच्या शेजारी उभे राहून, कामाच्या वेळात तो शिकत असे. मिल बंद पडली तेव्हा मात्र त्याची विद्याच निरुपयोगी झाली, आणि त्याला नवे काही शिकविण्यास कोणी पुढे आले नाही. त्या घरांनी काय सोसले, हे सांगणारी माणसे अजून आपल्यांत आहेत.

दुसरे उदाहरण केळीचे. आपला शेतकरी पूर्वी बसराईचे कंद लावी आणि पाटाने पाणी देई; पीक हाती येण्यास दीड वर्ष जाई. १९९० च्या दशकात ऊतिसंवर्धित ग्रँड नैन जातीची रोपे आली, ठिबक सिंचन आले, आणि तेच पीक वर्षभरात निघू लागले. हेही नवे तंत्रज्ञानच होते, आणि साठी उलटलेल्या, चौथी शिकलेल्या शेतकऱ्यांनी ते आत्मसात केले. ते कसे? रोपे व नळ्या विकणाऱ्या जळगावच्या कंपनीने आपल्या शेतावर नमुन्याची पिके उभी केली, तंत्र जाणणारी माणसे बांधावर पाठविली. सरकारने ठिबकासाठी अनुदान दिले, बँकेने कर्ज दिले. शेजाऱ्याचे पीक पाहून शेजारी शिकला. शिकण्याचा खर्च कंपनी, सरकार, बँक आणि शेतकरी अशा चौघांत वाटला गेला. ‘रात्री जागून स्वतः शीक, नाहीतर शेती सोड,’ असे त्याला कोणी म्हटले नाही. ज्या शेतकऱ्याचा मुलगा पुण्यात प्रोग्रामर झाला, त्याला मात्र नेमके हेच ऐकावे लागते.

अमळनेरचा धडा

आता विप्रोकडे वळू. २९ डिसेंबर १९४५ रोजी महंमद हाशम प्रेमजी यांनी ‘वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स’ ही कंपनी काढली आणि वनस्पती तूप बनविण्याचा तिचा कारखाना अमळनेरला उभा राहिला. पुढे त्याच्या जोडीला कपडे धुण्याचा साबण आला. १९६६ साली संस्थापक वारले, आणि अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात शिकत असलेल्या एकवीस वर्षांच्या अझीम प्रेमजींना परत येऊन धंदा हाती घ्यावा लागला. १९७० च्या दशकात कंपनी यंत्रांना लागणाऱ्या हायड्रॉलिक सिलिंडरच्या धंद्यात शिरली. त्याच दशकाच्या अखेरीस आयबीएम ही अमेरिकन कंपनी भारत सोडून गेली, आणि संगणकाच्या बाजारात मोकळी जागा झाली. १९८० च्या सुमारास तूप-साबणवाल्या या कंपनीने ती जागा घेतली. मग संगणक बनविता बनविता ती प्रोग्राम लिहिण्याच्या सेवेकडे वळली. लांबलचक नावाच्या अक्षरांपासून ‘विप्रो’ हे नाव झाले, आणि २००० साली तिचे भाग न्यूयॉर्कच्या बाजारात विकले जाऊ लागले.

शेंगदाण्याच्या तेलापासून संगणकापर्यंत पाटी पुसण्याचे याहून मोठे उदाहरण आपल्या खानदेशात दुसरे नाही. पण ही पाटी पुसली गेली कशी, इकडे लक्ष द्यावे. कंपनीला त्यासाठी पंधरा-वीस वर्षे मिळाली. आणि संगणकाचा धंदा पायावर उभा राहीपर्यंत तूप व साबण यांची विक्री चालूच होती. जुन्या धंद्याच्या कमाईवर नवी विद्या पोसली गेली. तुपाचा कारखाना आधी बंद करून, रिकाम्या तिजोरीने संगणक शिकावयास ती कंपनी निघाली असती, तर आज तिचे नाव कोणाला ठाऊक झाले असते, असे आम्हांस वाटत नाही.

कंपनीला जे लागले, तेच माणसालाही लागते. नवे शिकण्यास जुन्याचा आधार हवा. थोडा उसंतीचा वेळ हवा, आणि शिकताना घर चालेल एवढा पगार हवा. पगार बारा वर्षे एका जागी ठेवायचा आणि शिकण्याचे ओझे मात्र दरवर्षी वाढवायचे, म्हणजे तूप बंद करून संगणक शिका असे सांगण्यासारखे आहे.

अमळनेरला आणखी एक गोष्ट पाहावयास मिळते. या कंपनीचे भाग तेथील अनेक कुटुंबांनी पूर्वी घेतले, विश्वासाने जपून ठेवले, आणि त्यांची मुले-नातवंडे संपन्न झाली. कंपनी नवे शिकली, त्याचे फळ भागधारकाला घरबसल्या मिळाले. त्याबद्दल कोणाला वैषम्य वाटण्याचे कारण नाही. पण त्याच परिसरातील जो मुलगा त्याच धंद्यात पगारावर लागतो, तो रात्रीचा तास देऊन स्वतः नवे शिकतो, आणि त्याच्या शिकण्याचे फळ त्याला त्याच प्रमाणात मिळत नाही. शिकणाऱ्यालाही शिकण्याचे मोल मिळावे, एवढाच आमचा मुद्दा आहे.

मग काय करावे?

कंपन्यांकडून अपेक्षा अशी, की शिक्षणाचे तास कामाच्या तासांत धरावेत. हे अशक्य आहे असे नाही. बी.एस्सी. किंवा बी.सी.ए. झालेल्या मुलांना नोकरीत घेऊन, काम करता करता आपल्या खर्चाने पदव्युत्तर शिक्षण घेण्याची सोय खुद्द विप्रोनेच १९९० च्या दशकापासून चालविली आहे. तिच्यासोबत काही वर्षे नोकरी न सोडण्याची अट असते, हे खरे. ती पत्करण्यापूर्वी नीट वाचावी. पण शिक्षणाचा खर्च मालकाने उचलावा हे तत्त्व तेथे मान्य झाले आहे. विशीतल्या मुलांना जे मिळते, ते चाळिशीतल्या माणसालाही मिळाले पाहिजे. बेंचवरचे दिवस शिक्षेचे न मानता शिक्षणाचे मानले, तर अर्धे काम होईल.

प्रोग्रामर तरुण-तरुणींना आम्ही इतकेच सुचवू, की जाहिरातीतील प्रत्येक नव्या नावामागे धावू नये. वर्षातून एकच अवजार निवडावे, ते हातच्या कामात वापरून शिकावे, आणि उरलेला वेळ पायाच्या थराला द्यावा. पाया पक्का असलेल्यास नवे अवजार थोड्या आठवड्यांत येते. पाया कच्चा असेल त्याला दरवेळी पहिल्यापासून आरंभ करावा लागतो. यंत्र प्रोग्राम लिहून देऊ लागले, तरी तो बरोबर आहे की चूक हे सांगणारा माणूस लागणारच, आणि ते सांगता येते पायाच्या ज्ञानावर. शिवाय ज्या धंद्यासाठी आपण प्रोग्राम लिहितो, तो बँकेचा असो वा विम्याचा, तो धंदा समजून घ्यावा. ती विद्या वयाबरोबर मुरते.

महाविद्यालयांनीही याच दृष्टीने पाहावे. संगणक शाखेच्या जागा वाढविल्या आणि शाखेला नवे झगमगीत नाव दिले, म्हणजे शिक्षण नवे होत नाही. जळगाव-धुळ्याच्या मुलाला पुण्याच्या मुलापेक्षा इंग्रजी संभाषण कमी येत असेल. पण गणित आणि चूक शोधण्याची चिकाटी यांत तो उणा पडण्याचे काही कारण नाही.

आणि आपण गावकरी? २०२०–२१ साली महामारीत पुण्याची मुले घरी आली आणि वर्ष-दीड वर्ष ओट्यावर, माडीवर बसून त्यांनी अमेरिकेची कामे केली. पगार तोच, पण खोलीचे भाडे नाही, खानावळ नाही. महिनाअखेर चार पैसे शिल्लक पडू लागले, आणि प्रवासाचा वाचलेला वेळ शिकण्यास मिळाला. पुढे बहुतेकांना कचेरीत परत बोलावले गेले. तरीही जळगाव व धुळ्यात राहून डाळमिल, सराफी पेढ्या, दवाखाने, सहकारी पतपेढ्या यांची कामे करणारी लहान मंडळी आमच्या पाहण्यात आहेत. त्यांना मिळणारा मोबदला मात्र फार थोडा असतो. लाखो रुपयांचा हिशोब ज्याच्या प्रोग्रामवर चालतो, त्या मुलाला महिन्याला दहा-बारा हजार देताना आपलाच व्यापारी हात आखडतो. पुण्याच्या कंपन्यांना बोल लावण्यापूर्वी आपणही आपला तराजू एकदा तपासून पाहावा.

शेवटी, ज्या बैठकीपासून आरंभ केला तेथेच परत येऊ. ‘पोऱ्याले पगार कितला शे?’ हा प्रश्न जरूर विचारावा. पण त्याच्या पाठोपाठ मुलालाच जवळ बसवून विचारावे, ‘बाबा रे, तुझ्या कामात नवे शिकण्यास तुला वेळ मिळतो का? कंपनी शिकविते, की तू रात्री जागतोस?’ या प्रश्नाने त्याचा पगार वाढणार नाही. पण चाळिशीत एखाद्या दिवशी नोकरी गेल्याचे सांगण्यासाठी तो घरी फोन करील, तेव्हा त्याच्या वडिलांना ‘तूच कोठेतरी कमी पडलास’ असे म्हणण्याची बुद्धी होणार नाही.